मालक त्याच घरात, खोली भाड्याची, आणि मधे कॅमेरा

सोमवार

छुपा कॅमेरा शोधायच्या युक्त्या आता सगळ्यांना तोंडपाठ असतात. मालक जिथे स्वतः राहतो त्या घरात खोली घेणाऱ्याला मात्र त्रास होतो तो बहुतेक वेळा समोर दिसणाऱ्या कॅमेऱ्याचा. पॅसेजच्या कोपऱ्यात, छताला लागून, पांढरा, गोल. तो कशासाठी आहे हेही सांगितलेलं असतं: 'सेफ्टीसाठी आहे हो.' आणि ते खोटं नसतं. घरात परका माणूस ठेवायचा तर दारावर नजर असावी, असं मालकाला वाटणं साहजिक आहे.

म्हणून 'कॅमेरा आहे का?' एवढं विचारून भागत नाही. त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं आणि ते कुणाकुणाच्या मोबाइलवर उघडतं, हे डिपॉझिट देण्याआधी विचारायचं. आधी विचारलं तर ती चौकशी असते. महिन्याभरानं विचारलं तर तक्रार वाटते.

दिसण्याचा हिशोब सोपा आहे. घरगुती कॅमेऱ्याची लेन्स रुंद असते, आडवी साधारण १०० ते १३० अंशांची. अगदी ९० अंश धरले तरी जितकं अंतर त्याच्या दुप्पट रुंदीचं चित्र येतं. तीन मीटरवर सहा मीटर. एवढा रुंद पॅसेज कुठल्या घरात असतो? उरलेल्या चित्रात भिंती आणि दारं येतात. खोलीचं दार उघडं राहिलं की पलंगाची कड दिसते, बाथरूमचं दार उघडलं की टॉवेल गुंडाळून बाहेर पडणारा माणूस. त्यामुळे कॅमेऱ्याकडे बघून अंदाज बांधण्यात अर्थ नाही, कॅमेऱ्यातून बघायला हवं. 'काका, पॅसेजमधला कॅमेरा मोबाइलवर कसा दिसतो, एकदा दाखवता का?' एवढं म्हणायचं, आणि ते दाखवत असताना खोलीचं नि बाथरूमचं दार पूर्ण उघडून पडद्यावर काय येतं ते पाहायचं. नाही म्हणाले तर तेही उत्तरच आहे.

सेटिंगमधे एक घोळ हमखास होतो. बऱ्याच अ‍ॅपमधे 'अ‍ॅक्टिव्हिटी झोन' असतो. पडद्यावर चौकोन आखायचा, त्यात हालचाल झाली तरच सूचना येते. मालक अगदी मनापासून सांगतो, 'तुमचं दार मी झोनमधून काढून टाकलंय.' पण झोननं ठरतं ते कॅमेरा कधी जागा होणार एवढंच. जागा झाला की चित्र पूर्ण साठतं, दारासकट. आपल्याला हवा असतो तो 'प्रायव्हसी मास्क', ज्यात चित्राचा तेवढा तुकडा काळा होऊनच रेकॉर्ड होतो. तो सगळ्या मॉडेलमधे नसतो, आणि ज्याच्या हातात अ‍ॅप आहे त्याला तो कधीही काढता येतो. म्हणून माझं मत सेटिंगपेक्षा स्क्रू-ड्रायव्हरच्या बाजूनं. कॅमेरा मुख्य दाराबाहेर लावला तर येणारा-जाणारा दिसतो, मालकाचं काम होतं आणि पॅसेज मोकळा राहतो. लेन्सच्या अर्ध्या भागावर चिकटपट्टी लावायची आयडिया फसते: पट्टी लेन्सच्या इतकी जवळ असते की तेवढाच भाग झाकला न जाता सगळंच चित्र धुरकट होतं, आणि रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांचा (अंधारात चित्र यावं म्हणून असलेल्या, डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या) उजेड पट्टीवर आपटून परत आला की पडदा पांढराफटक.

आणखी एक. कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा विझलेला आहे म्हणजे कॅमेरा बंद आहे, असं नाही. तो दिवा बऱ्याच अ‍ॅपमधून बंद करता येतो. बंद म्हणजे प्लग काढलेला, किंवा लेन्सवर सरकणारं झाकण बसलेलं. बॅटरीवरच्या कॅमेऱ्याला तर प्लगही नसतो.

मंगळवार

आज आवाजाचा विचार. कॅमेऱ्याला कोन असतो, माइकला नसतो. भिंतीकडे तोंड केलेला कॅमेराही पॅसेजमधलं फोनवरचं बोलणं नीट टिपतो. घरगुती वाय-फाय कॅमेऱ्यांत माइक बहुधा असतोच आणि खोक्यातून काढल्यावर बहुतेक वेळा चालूच असतो. मालकालाही ते ठाऊक नसेल. अनेक देशांत दुसऱ्याचं बोलणं चोरून रेकॉर्ड करण्याचे नियम चित्रीकरणाहून कडक आहेत, ते उगाच नाही.

तपासणी दोघांनी मिळून करायची. एकानं खोलीत दार लावून नेहमीच्या आवाजात काहीतरी वाचायचं, मिनिटभर. मग त्या वेळेची साठवलेली क्लिप उघडून दोघांनी ऐकायची. लाइव्ह ऐकत बसू नये, मोबाइलचा आवाज पुन्हा कॅमेऱ्याच्या माइकमधे शिरतो आणि नुसता प्रतिध्वनी घुमत राहतो. दारामागचे शब्द कळत असतील तर माइक बंद करायला सांगायचं. इथे मालक कधी कधी अडतो, त्याचं कारणही खरं असतं: काही मॉडेलमधे माइक बंद केला की दारावरच्या माणसाशी बोलायची सोयही जाते. मग दारावरच्या बेलचा माइक चालू आणि पॅसेजमधला बंद, अशी वाटणी दोघांनाही चालण्यासारखी आहे.

रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, हे विचारल्यावर 'दोन-तीन दिवस असेल' असं मोघम उत्तर येतं. त्याचंही गणित आहे. १०८० पी चित्र, सेकंदाला २ मेगाबिट, सतत रेकॉर्डिंग: दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी. म्हणजे १२८ जीबीचं कार्ड सहाएक दिवसांत भरतं आणि जुनं पुसून नवं चढत जातं. फक्त हालचालीवर रेकॉर्ड होत असेल तर तेच कार्ड कित्येक आठवडे पुरतं. क्लाउड असेल तर घेतलेल्या प्लॅननुसार, बऱ्याचदा ३० दिवस किंवा त्याहून जास्त. चोरीबिरी झाली तर ती कळायला आठवडा पुष्कळ झाला. सात दिवस हा आकडा मागायला हरकत नाही. मालकानं मोबाइलमधे उतरवून घेतलेली क्लिप मात्र आपोआप कधीच पुसली जात नाही, हे लक्षात ठेवायचं.

आणि बघतं कोण? अ‍ॅपमधे 'शेअर्ड युजर्स' नावाची यादी असते. परगावचा मुलगा, जावई, कॅमेरा बसवून देणारा माणूस आणि कधी कधी दोन वर्षांपूर्वीचा भाडेकरूसुद्धा तिथे सापडतो. ही यादी मालकाबरोबर बसून बघितली तर त्याचंही भलं होतं. पासवर्ड कारखान्यातूनच आलेला नाही ना, हेही त्याच बैठकीत. २०१६ मधे मिराई या मालवेअरनं जगभरातले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येनं ताब्यात घेतले, ते असल्या न बदललेल्या पासवर्डांच्या जोरावरच.

गुरुवार

वाय-फाय भाड्यातच, असं ऐकलं की बरं वाटतं. पण राउटर मालकाचा म्हणजे त्याच्या नोंदीही मालकाच्या.

साध्या राउटरवर दिसतं ते असं: कुठलं उपकरण जोडलंय, कधीपासून, किती डेटा गेला. म्हणजे आपण घरी कधी येतो आणि मोबाइल रात्री कितीपर्यंत चालू असतो, हे कळतं. डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, नोंदी चालू असतील तर कुठल्या वेबसाइटकडे गेलो त्यांची नावंही. पानावर काय वाचलं, काय टाइप केलं, हे एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीमुळे, दिसत नाही. निम्मी भीती इथेच अनाठायी ठरते.

नावं लपवायची तर अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमधे 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. पण बरीच कनेक्शन्स सुरू होताना साइटचं नाव उघडंच पाठवतात, त्यामुळे हा उपाय अर्धाच. व्हीपीएन (सगळा डेटा कुलूपबंद करून एकाच मधल्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) लावला तर राउटरला एकच सर्व्हर दिसतो, शिवाय वेळ आणि डेटाचं प्रमाण. तेही नको असेल तर बँकेची कामं आणि खासगी बोलणं सरळ मोबाइल डेटावर. गेस्ट नेटवर्क मागावं; त्यानं आपला लॅपटॉप घरातल्या इतर उपकरणांपासून वेगळा राहतो. नोंदी मात्र त्याच राउटरवर होतात.

एका गोष्टीला साफ नकार द्यायचा: नेट सुरू करण्यासाठी मोबाइलवर सर्टिफिकेट किंवा प्रोफाइल टाकायला सांगणं. घरगुती वाय-फायला त्याची गरज नसते, आणि ते टाकलं की एचटीटीपीएसचं कवच उघडायची सोय होऊन बसते.

शनिवार

बारीकसारीक उपकरणं. हॉलमधला स्मार्ट स्पीकर नेहमी कान देऊन असतो, पण पाठवतो ते हाक मारल्यावरचं, किंवा हाक मारली असा त्याचा गैरसमज झाल्यावरचं. तुम्ही त्याला सांगितलेलं गाणं, लावलेला अलार्म, सगळं मालकाच्या खात्यात जमा होतं. अलेक्सामधे 'ड्रॉप इन' नावाची सोय आहे. परवानगी दिलेला माणूस दुसरीकडून थेट त्या खोलीतलं ऐकू शकतो. आपल्या खोलीत असला स्पीकर ठेवलेला असेल तर आभार मानून परत द्यावा.

स्मार्ट लॉक प्रत्येक कोडची वेळ नोंदवतं. कोड प्रत्येकाला वेगळा असला की 'कोण रात्री पावणेबाराला आलं' हे आपोआप लिहिलं जातं. खोलीच्या दारालाच असलं लॉक असेल तर ते दुरूनही उघडतं, म्हणून आतून साधी लोखंडी कडी हवीच. कडीला अ‍ॅप नसतं. जास्तीची किल्ली मालकाकडे राहणार असेल तर ती पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, जोडावर दोघांच्या सह्या करायच्या. आग लागली, पाणी फुटलं तर फाडा. एरवी पाकीट जसंच्या तसं दिसलं पाहिजे.

कॅमेरेवाला व्हॅक्यूम रोबो, विजेचा वापर तासातासाला दाखवणारा स्मार्ट प्लग, माणूस खोलीत आहे की नाही हे ओळखणारा रडार सेन्सर. ही यादी वाढतच जाणार. यांतलं काहीही भाड्यानं दिलेल्या खोलीत नको, एवढा एक नियम धरला की प्रत्येकावर वाद घालावा लागत नाही.

रविवार

छुप्या कॅमेऱ्याचंही लिहून टाकतो. खोली ताब्यात आल्यावर अर्धा तास पुरतो. आधी डोळ्यांनी: पलंगाकडे किंवा बाथरूमकडे तोंड केलेली आणि सतत विजेवर चालणारी वस्तू कुठली? घड्याळ, चार्जर, एअर फ्रेशनर, एकाच खोलीत दुसरा धूरशोधक. धूरशोधक उघडून मोडायचा नाही, खरा निघाला तर आगीच्या वेळी तोच जीव वाचवतो. मग पूर्ण अंधार करून टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरायचा आणि उजेड सावकाश फिरवायचा. लेन्स असेल तर सुईच्या टोकाएवढा ठिपका चमकतो. टॉर्च छातीपाशी धरला तर परावर्तन डोळ्यांत येत नाही आणि सगळी मेहनत फुकट. इन्फ्रारेड दिवे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतात, पण आधी टीव्हीचा रिमोट दाबून आपल्या मोबाइलला ते दिसतात का ते तपासायचं. ८५० नॅनोमीटरचे दिवे नुसत्या डोळ्यांनाही मंद लाल दिसतात, ९४० चे अजिबात दिसत नाहीत.

नेटवर्कवरची उपकरणं दाखवणारं अ‍ॅप उपयोगी आहे, पण तिथे काही सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. नुसत्या कार्डवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा नेटवर्कवर नसतोच, सिमवाला दुसऱ्याच वाटेनं जातो, आणि गेस्ट नेटवर्कवरून घरातली उपकरणं बहुधा दिसतच नाहीत. स्वस्तातले सिग्नल शोधणारे डिटेक्टर मला निरुपयोगी वाटतात, शेजारच्या वाय-फायलाही ते कोकलतात.

सापडलाच तर हात लावायचा नाही. आधी दुरून फोटो, खोलीतली जागा कळेल असा, मग जवळून. तारीख आणि वेळ लिहून ठेवायची. कार्ड काढून बघायचा मोह टाळायचा, कारण पुराव्यावर पहिला आक्षेप तिथेच येतो. त्या खोलीत याबद्दल बोलायचं नाही. बाहेर पडायचं आणि पोलिसांत जायचं. बाथरूम आणि झोपायच्या खोलीतलं चोरटं चित्रीकरण बहुतेक देशांत गुन्हाच आहे. पॅसेजमधला माहीत असलेला कॅमेरा हे वेगळं प्रकरण. त्याचा प्लग परस्पर काढला तर भांडणात आपलीच बाजू लंगडी पडते.

करारात लिहायला चार ओळी पुरतात: 'घरातील सर्व कॅमेरे व माइक यांची यादी सोबत जोडली आहे. भाड्याच्या खोलीत, बाथरूममध्ये व त्यांच्या दारांच्या दिशेने कोणतेही चित्रीकरण वा ध्वनिमुद्रण होणार नाही. सामाईक जागेतील रेकॉर्डिंग सात दिवसांत पुसले जाईल व ते घरमालकाखेरीज कोणासही दाखवले जाणार नाही. नवे उपकरण बसवण्यापूर्वी भाडेकरूस लेखी कळवले जाईल.' शेवटची ओळ लोक विसरतात, आणि बहुतेक भांडणं नंतर बसवलेल्या उपकरणावरूनच होतात. मालकानं 'एवढं कोण लिहितं?' म्हटलं तर एक दाखला द्यायला बरा: घरं-खोल्या थोड्या दिवसांसाठी भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या साइटनं ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरे ठेवायला जगभर बंदी केली आहे, सामाईक जागेतसुद्धा. आपला करार त्याहून सौम्यच आहे.

आपल्या खोलीत स्वतःचा कॅमेरा लावायचा असेल तर तो आतून दाराकडे, दार उघडल्यावर पॅसेज दिसणार नाही अशा कोनात, माइक बंद करून. मालकाला मागितलेले नियम आपल्यालाही लागू.

खोली सोडताना स्मार्ट लॉकमधून आपला कोड आणि बोटाचा ठसा आपल्यासमोर काढून घ्यायचा, टीव्हीवर राहिलेली लॉगिनं बाद करायची, आणि किल्लीचं पाकीट परत मागून जोडावरच्या सह्या बघायच्या.