घर कुणाचं, ते गाव ठरवतं

आमच्याकडे फोन आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "जेवण आपलं असेल ना?" आपलं म्हणजे सकाळी पोहे, दुपारी वरण-भात आणि रात्री पोळी-भाजी. यात त्यांची काही चूक नाही. सोबत आचारी नेऊन काश्मीरपासून युरोपपर्यंत श्रीखंड-पुरी वाढायची सवय आपल्याच टूरवाल्यांनी लावली आहे. मी सांगते, "नाही, जेवण त्यांचं असेल." पलीकडे जरा शांतता पसरते, मग "कळवतो" म्हणून फोन ठेवला जातो. निम्मे लोक पुन्हा कळवत नाहीत. उरलेल्या निम्म्यांच्या जोरावर आमचं हे छोटं दुकान 2014 पासून चालू आहे.

आम्ही हिमाचलमधल्या स्पितीत ट्रेक नेतो. तंबू नाहीत, स्वयंपाक्यांचा ताफा नाही. लांग्झा, कोमिक, डेमुल, ल्हालुंग, धनकर असं गावावरून गाव चालायचं आणि रात्री गावातल्या घरात राहायचं. ऑफिस नाशिकला आहे, म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. मी आणि माझा मावसभाऊ असे दोघंच. तो हिशेब, जीएसटी आणि रेल्वेची तिकिटं बघतो, बाकी सगळं माझ्याकडे.

त्याआधी मी शनिवार-रविवारी सह्याद्रीत ग्रुप न्यायचे. हरिश्चंद्रगडाला गेलो की पाचनईत कुणाच्या तरी ओसरीवर बसून पिठलं-भाकरी खायची, मावशींना पैसे द्यायचे आणि रात्री तिथेच पथारी टाकायची. याला कुणी होमस्टे म्हणत नव्हतं. लोक परत आले की गडापेक्षा त्या पिठल्याचीच चर्चा जास्त करत. 2013 मध्ये मी एकटी स्पितीत गेले, लांग्झात एका घरी राहिले, आणि वाटलं की हे तर पाचनईच आहे, फक्त उंचीवर नेऊन ठेवलंय.

ती उंचीच आम्हाला पहिल्याच वर्षी महागात पडली. कोमिक साडेचार हजार मीटरच्या वर आहे. एकावर एक पावणेतीन कळसूबाया रचल्या तर जेमतेम तिथवर पोचता येईल. हे आकडे मला पाठ होते, तरी दोन दिवस वाचवायचे म्हणून सात जणांचा पहिला ग्रुप मी मनालीवरून नेला. तेव्हा अटल बोगदा नव्हता. रोहतांग चढा, उतरा, पुन्हा साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड ओलांडा आणि संध्याकाळी लोसरला मुक्काम करा. लोसर चार हजार मीटरच्या वर. आदल्या रात्री दोन हजारांवर झोपलेली माणसं दुसऱ्या रात्री चार हजारांवर. तिघांना उलट्या सुरू झाल्या. एकाचं डोकं इतकं दुखत होतं की तो भिंतीकडे तोंड करून रडत होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना काझ्याला, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावाला, आणि तिथून ताबोला उतरवलं. ताबो 3,280 मीटरवर आहे. दोन दिवस तिथे 996 सालच्या मठाच्या आवारात नुसतं बसून काढले. ट्रेकचे दोन टप्पे गाळावे लागले आणि मी त्यांचे पैसे परत केले. पहिल्या वर्षाचा नफा तिथेच संपला.

तेव्हापासून आम्ही जाताना शिमला, कल्पा, नाको, ताबो असं किन्नौरकडून जातो. सतलजच्या आणि मग स्पिती नदीच्या काठानं उंची हळूहळू वाढते, शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. कुंझुम ठेवला आहे परतीला. यात दोन दिवस जास्त जातात. आयटीतल्या लोकांना नेमके तेच दोन दिवस सुट्टी नसते, आणि अशी किती बुकिंग गेली त्याचा हिशेब मावसभाऊ अधूनमधून मला ऐकवतो. ऐकवू दे.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण तिच्यावरच आमचा सगळा धंदा उभा आहे.

डेमुल हे आडवाटेवरचं गाव. कोमिकहून निघालं की दिवसभर उघड्या माळावरून चालायचं. वाटेत याक चरत असतात, नशीब असेल तर भरल, म्हणजे हिमालयातल्या रानमेंढ्या, दिसतात, आणि वारा असा की टोपीला हात लावूनच चालावं लागतं. शेवटी एकदम खाली हिरवी शेतं आणि चुन्यानं रंगवलेली सपाट छपरांची घरं दिसतात. पहिल्या वर्षी आम्ही तिथे ज्या घरी राहिलो ते मला फार आवडलं. खोली लखलखीत, चोकसे म्हणजे बसकी लाकडी मेजं सुंदर कोरलेली, सून हिंदी छान बोलणारी आणि आमांच्या, म्हणजे घरातल्या आईंच्या, हाताला चव. दुसऱ्या वर्षी मी हुशारी केली. काझ्यातून निरोप धाडून तेच घर आठ जणांसाठी ठरवलं आणि वर आगाऊ पैसेही पाठवले. ग्राहकांना सांगून टाकलं की आपलं डेमुलचं घर म्हणजे बघाच.

संध्याकाळी गावात पोचलो तर आमा दारातच उभ्या. आत या म्हणेनात. मला वाटलं, पैसे पोचले नसावेत. पैसे पोचले होते. त्यांनी ते घडी घालून हातात धरले होते आणि मला परत देत होत्या. "इस बार हमारी बारी नहीं है," एवढंच म्हणाल्या. बाजूला सून मान खाली घालून उभी होती. माझ्यामुळे तिला गावात बोलणी खावी लागली होती हे मला नंतर कळलं.

डेमुलमध्ये पाहुणे पाळीनं घरोघरी जातात. कुणाचं घर नवं, कुणाचं जुनं, कुणाची सून हिंदी बोलते, कुणाकडे फक्त म्हातारे मेमे, म्हणजे आजोबा, हे तिथे बघत नाहीत. पाळी ज्याची, पाहुणा त्याचा. कमाईतही गावाचा वाटा असतो. पहिल्या वर्षी मला ते घर मिळालं, कारण तेव्हा त्यांची पाळी होती. मी मात्र ते माझं भाग्य किंवा माझी पारख समजून बसले होते.

'बारी' हा शब्द ऐकल्यावर मी गप्पच झाले. माझं आजोळ धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठावर. तिकडे फड पद्धत आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटानं येतं आणि फडातल्या शेतांना ठरलेल्या क्रमानं मिळतं. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या. पाण्याची बारी चुकवून कुणी रात्री पाट फोडला तर काय होतं, हे मी लहानपणी मामांच्या ओसरीवर ऐकलं आहे. डेमुलमध्ये मी तेच केलं होतं, पाट फोडला होता.

त्या रात्री आम्ही दुसऱ्या घरी राहिलो. खोलीत धूर होता, गाद्या पातळ होत्या आणि घरधनीण लाजून बोलतच नव्हती. दोन ग्राहकांनी परत आल्यावर तक्रार केली की दाखवलं एक आणि दिलं एक. बरोबरच होतं त्यांचं. त्यानंतर आमच्या माहितीपत्रकातून घरांचे फोटो काढून टाकले. 'निवास' या रकान्यात एवढंच लिहितो: गावात, पाळीनं येईल त्या घरी.

पुढच्या वर्षापासून मी वेगळा मार्ग धरला. चांगलं घर शोधण्यापेक्षा सगळी घरं जरा बरी कशी होतील ते बघायचं. जाताना आम्ही जाड चादरी नेल्या, त्या कुणा एका घराला न देता गावाला दिल्या, म्हणजे पाळी ज्याची त्या घरी त्या जातात. पाहुण्यांना कोरडा संडास कसा वापरायचा हे नाशिकच्या बैठकीतच समजावून सांगते. वरच्या मजल्यावर मातीच्या जमिनीत भोक, शेजारी माती-राखेचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी टाकायची. पाणी ओतायचं नाही. वसंतात ते सगळं शेतात जातं. शहरी लोक नाक मुरडतात, पण आपल्या आज्यांना सोनखत हा शब्द ठाऊक होता. स्पितीत पाऊस नावापुरता पडतो आणि शेती बर्फाच्या पाण्यावर चालते. तिथे फ्लशमध्ये पाणी घालवणं मला तरी पटत नाही. काझ्यातल्या हॉटेलांतून आता हेच सर्रास चाललं आहे, असो.

जेवणाबद्दल. लोण्याचा खारट चहा पहिल्यांदा देतात तेव्हा आपल्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मी त्यांना सांगते, चहा समजून पिऊ नका, सार समजून प्या. मग निम्म्यांना तो आवडतो. त्साम्पा हे भाजलेल्या जवाचं पीठ. ते समोर आलं की साठीच्या पुढचं कुणीतरी हमखास ओरडतं, "अगं, हे तर सातूचं पीठ!" आणि गुळाची ढेप बाहेर निघते. थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, सगळे खातात. एकदा श्रावणी सोमवार करणाऱ्या दोन बायका होत्या. आमांना उपास समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. शेवटी उकडलेले बटाटे, मीठ आणि लोणी समोर आलं. त्याच बटाट्यांची थुक्पाही उकळत होती, तिचा वास घेत दोघींनी बटाटे खाल्ले.

आता आमच्या ट्रेकच्या तारखाही गावच ठरवतं. हिरवा मटार हे स्पितीचं नगदी पीक. ऑगस्टमध्ये तोडणी जोरात असते, पहाटेपासून घरातलं प्रत्येक माणूस शेतात असतं आणि ट्रक थांबलेले असतात. अशा वेळी आठ पाहुणे घरी येणं म्हणजे संकटच. म्हणून आम्ही तेव्हा ट्रेक ठेवत नाही. पंधरा ऑगस्टची जोडून सुट्टी सोडून देणारी आमच्यासारखी वेडी कंपनी नाशिकात दुसरी नसावी. बँकेतल्या साहेबांनी कर्जाच्या अर्जाच्या वेळी हाच मुद्दा उचलला होता. कर्ज मिळालं नाही. बरंच झालं, कारण त्या पैशांतून आम्ही दुसरी गाडी घेतली असती आणि ती भरण्यासाठी आठाचे सोळा करावे लागले असते. सोळा जण एका रात्री उतरले तर पाळीचा हिशेब कोलमडतो.

सप्टेंबर 2018 मधले ते तीन दिवसही लिहायला हवेत. 22 तारखेला हिमाचलभर पाऊस सुरू झाला आणि वरच्या भागात त्याचं बर्फ झालं. आम्ही ल्हालुंगमध्ये होतो. आदल्या दिवशी तिथलं सोनेरी मंदिर आणि त्याच्या भिंतींवरच्या मातीच्या मूर्ती बघून सगळे खुशीत होते. सकाळी उठलो तर वाट नाहीशी झालेली. लाहौल-स्पितीत शेकडो प्रवासी अडकल्याचं फोन लागल्यावर कळलं. तीन रात्री जास्त काढाव्या लागल्या. मधल्या खोलीतल्या चुलीभोवती बारा माणसं बसलेली, शेणी आणि लाकूड जळतंय, आणि मेमे कुठल्या साली किती बर्फ पडलं ते सांगतायत.

निघताना घरच्यांनी हिशेब मांडला. तीन रात्रींचे पैसे, वर जळणाचे वेगळे. ग्रुपमधले एक गृहस्थ चिडले. "अडलेल्याला लुबाडतात," म्हणाले. त्यांना बहुधा वर्तमानपत्रातली गोष्ट हवी होती, डोंगरातल्या भोळ्या माणसांनी पैसे नाकारले अशी. मी म्हटलं, काका, हिवाळ्यासाठी साठवलेलं जळण आपण सप्टेंबरात जाळलं, ते त्यांना परत कोण देणार? त्यांनी पैसे दिले, पण घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. आता आम्ही सुरुवातीलाच प्रत्येकाकडून 'अडकलो तर' म्हणून थोडी रक्कम घेतो. नाही अडकलो तर परत करतो.

वादांचं म्हणाल तर लांग्झाचे जीवाश्म हा आणखी एक विषय. एके काळी तिथे टेथिस समुद्र होता, म्हणून चार हजार मीटरवर दगडांत शंखांसारखे वळसे सापडतात. देवघरातल्या शाळिग्रामाचे हे भाऊबंद. मुलं ते विकायला आणतात. आम्ही विकत घेऊ देत नाही, उचलूही देत नाही. यावरून एका काकूंशी माझं चांगलंच वाजलं. "देव घरी नेते, चोरी करत नाही," म्हणाल्या. पुन्हा त्या आल्या नाहीत.

2020 मध्ये स्पितीनं स्वतःच पर्यटन बंद ठेवलं. हॉस्पिटलं दूर, म्हातारी माणसं घरोघरी, त्यामुळे निर्णय योग्यच होता. आमच्याकडे मात्र तीन ग्रुपचे पैसे जमा होते आणि त्यातला काही भाग गावांना आगाऊ गेलेला. मावसभावानं सगळ्यांचे पैसे परत केले, त्यासाठी घरची एफडी मोडली. मी वर्षभर एका ओळखीच्या हार्डवेअरच्या दुकानाचे हिशेब लिहिले. गावांकडचे आगाऊ पैसे मी सोडून दिले होते. पण पुढच्या हंगामात डेमुलला गेलो तेव्हा आमांनी जुनी वही काढली. तिच्यात आमची रक्कम लिहिलेली होती, आणि त्या वर्षीच्या पाळीतून ती वळती करून घेतली.

ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि काझ्याची गर्दी बघता बघता वाढली. सकाळी निघालेल्या गाड्या लांग्झाचा बुद्ध, उंचावरचं म्हणून गाजलेलं हिक्किमचं पोस्ट ऑफिस आणि कोमिक एका दिवसात उरकतात. हिक्किमहून स्वतःलाच पोस्टकार्ड पाठवायचं आणि संध्याकाळी काझ्यात पिझ्झा खायचा. लांग्झातल्या काही घरांना आता रात्रीच्या पाहुण्यांपेक्षा दुपारची गर्दी जास्त परवडते. त्यांचं गणित मला समजतं. आम्ही लांग्झातली एक रात्र कमी केली आणि ती डेमुलला जोडली.

पुढच्या जूनचे दोन्ही ग्रुप भरले आहेत. त्यातल्या एका बाईंनी काल फोन करून विचारलं, डेमुलमध्ये कुठल्या घरी राहायचंय, गुगलवर दिसेल का? मी म्हटलं, ते मलाही आधी कळत नाही. काझ्यात पोचलो की आदल्या रात्री गावातून निरोप येतो. त्या म्हणाल्या, "बरं, मग निदान गरम पाणी असेल ना?" चुलीवर तापवून देतात, एक तांब्या, मी सांगितलं. "कळवते," म्हणाल्या.