हासचा बास आणि जेरेनियमच्या कुंड्या

टोरांटोत बॅथर्स्ट स्ट्रीटवरच्या एका सिनेगॉगच्या सभागृहात आमच्या छोट्या चेंबर ऑर्केस्ट्राच्या मैफली होतात. मी तिथली लायब्ररियन. म्हणजे पुस्तकं नव्हेत, वादकांचे पार्ट्स: प्रत्येक वाद्याची वेगळी स्वरलिपी. ते मागवायचे, वाटायचे आणि मैफल संपली की एकेक पान मोजून परत घ्यायचे. वादक सगळे हौशी: दंतवैद्य, शिक्षक, निवृत्त वकील. निम्म्याहून जास्त ज्यू, त्यामुळे आमचा हंगाम दोन पंचांगं समोर ठेवून आखला जातो. शुक्रवारी संध्याकाळी तालीम नाही. हिवाळ्यात शनिवारी रात्री मैफल जमते, मे महिन्यात नाही, कारण तेव्हा शब्बात, म्हणजे शुक्रवार संध्याकाळी सुरू होणारा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, संपायलाच रात्रीचे नऊ उलटतात. घरच्या चकल्या मध्यंतराला न्यायच्या नाहीत, तिथलं स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारं आहे. शरदात जर्मन संगीतकार माक्स ब्रुखचं ‘कोल निद्राय’ ठरलेलं, ते ज्यूंच्या योम किप्पूरच्या प्रार्थनेवर बेतलेलं, आणि ब्रुख ज्यू होता का, हा प्रश्नही ठरलेला. नव्हता, प्रोटेस्टंट होता. हे उत्तर कुणालाच आवडत नाही.

या मे महिन्यात होता पावेल हास. चेक ज्यू संगीतकार, ख्यातनाम चेक संगीतकार यानाचेकचा ब्रनोमधला विद्यार्थी. नाझींच्या तेरेझिन छळछावणीत १९४३ साली त्याने तंतुवाद्यांसाठी ‘स्टडी’ लिहिली. जेमतेम आठ-नऊ मिनिटांची रचना, पण लयीचे खाचखळगे असे की पहिल्या तालमीत आमची दुसरी व्हायोलिनं सरळ हरवली.

भाड्याने आलेल्या पार्ट्सवर आधीच्या ऑर्केस्ट्रांची पेन्सिल असतेच. कुणी चष्म्याचं चित्र काढलेलं असतं, त्याचा अर्थ ‘इथे वर बघ’. कुणी पान उलटण्याच्या जागी शिव्या लिहिलेल्या असतात. ते सगळं खोडून मी आमच्या प्रमुख व्हायोलिनवादिकेच्या खुणा चढवते. ती डाउन-बोने सुरुवात करते म्हटल्यावर तिच्यामागचा प्रत्येक गज खालीच यायला हवा, नाहीतर ऐकू काहीही येवो, समोरून दिसतं ते रिकामटेकड्यांचं संचलन. मग व्हायोला आणि चेलो यांचं त्याच्याशी जुळवायचं. मऊ पेन्सिल, हलका हात. शाईला हात लावणाऱ्याला मी पुढचा पार्ट स्वतः नेऊन देत नाही, मागायला लावते.

हासच्या बासच्या, म्हणजे डबल बास या सर्वांत मोठ्या तंतुवाद्याच्या पार्टची कथा वेगळी. तेरेझिनमध्ये ही रचना तिथलाच कैदी, कंडक्टर कारेल आन्चेर्लने बसवली होती. हासला १९४४च्या ऑक्टोबरात आउशविट्झला नेऊन मारलं. आन्चेर्ल वाचला, त्याची बायको आणि लहानगा मुलगा वाचले नाहीत. युद्धानंतर त्याला या रचनेचे पार्ट्स सापडले, फक्त डबल बासचा नाही. तो पुढे हासचा चरित्रकार लुबोमीर पेदुझी याने बाकीच्या पार्ट्सवरून उभा केला. आज जगभर वाजतो तो हाच.

आमच्या तरुण कंडक्टरला हे कळलं आणि त्याची झोप उडाली. बास वाजवणं प्रामाणिकपणाचं होईल का? बास गप्प ठेवून, रिकाम्या स्टँडवर दिवा लावून वाजवलं तर? कंडक्टर लोकांना इतिहास फार प्रिय असतो, विशेषतः त्यावर भाषण करता येणार असेल तर. आमचा बासवाला पंचाहत्तरी ओलांडलेला. आन्चेर्ल १९६९ ते १९७३ टोरांटो सिंफनीचा संगीत दिग्दर्शक होता, वारलाही इथेच. या आजोबांनी त्याला विद्यार्थीदशेत मॅसी हॉलमध्ये स्वस्तातल्या तिकिटावर ऐकलेलं. ते एवढंच म्हणाले, “पार्ट आहे ना? मग वाजवणार.” विषय संपला.

मैफलीच्या दिवशी दुपारी स्टँड लावायला गेले तर मंचाच्या पुढच्या कडेने कुंड्यांची रांग. लाल जेरेनियम, टवटवीत. स्वागत समितीतल्या एका बाईंनी आईच्या स्मरणार्थ दिल्या होत्या, तसं छोटं कार्डही होतं.

आजोबा बास घेऊन आत आले, दारातच थांबले आणि म्हणाले, “या हलवल्याशिवाय मी वर चढणार नाही.”

नाझींनी १९४४ साली तेरेझिनमध्ये प्रचारपट काढला. त्यात आन्चेर्ल हीच ‘स्टडी’ वाजवून घेतो आणि शेवटी हास उठून लवून दाद स्वीकारतो. वादकांना काळे कोट दिले होते आणि मंचाच्या कडेने फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या, खालची पादत्राणं कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून. आजोबांना हे ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, कार्यक्रमपत्रिकेची टिपणं मीच लिहिते. त्या बाईंना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

कंडक्टर म्हणाला, “कुंड्या त्या कुंड्या. लोक आत यायला लागलेत.” महिनाभर एकेका स्वरावर जीव टाकणारा हा माणूस! आणि ज्यांना बासचे स्वर परक्या हाताचे असल्याचं काही वाटलं नाही, ते आजोबा एका कुंडीलाही तयार नव्हते.

मी रखवालदाराला हाक मारली आणि आम्ही दोघांनी कुंड्या बाहेरच्या पॅसेजमध्ये नेल्या. बाई धावत आल्या. मी कारण सांगायला लागले, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग माझ्या आईचं कार्ड कुठे ठेवू?” त्यांच्या आईचं लहानपण कुठे गेलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. कार्ड मी प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर, कार्यक्रमपत्रिकांच्या शेजारी ठेवलं. त्या मध्यंतरानंतर दिसल्या नाहीत.

वादन चांगलं झालं. फ्यूगमध्ये, म्हणजे एकच धून वाद्यं एकामागून एक उचलतात त्या भागात, व्हायोला चक्क एकत्र होते, हे आमच्याकडे नोंदवून ठेवण्याजोगं. बास ठणठणीत.

पुढच्या हंगामाच्या मंच-आराखड्यात मी एक ओळ घातली: कडेला कुंड्या नकोत. पुढच्या हंगामात वॉल्टर काउफमनचं चेंबर संगीत करायचं घाटतंय. नाझींच्या धास्तीने १९३४ साली मुंबईत आलेला, आकाशवाणीत नोकरी केलेला काउफमन. मुंबईचा म्हणून त्याचं सगळं आपसूक माझ्या गळ्यात आलंय. समितीचं पत्र आलंय, की ही कुंड्यांची अट फक्त हासपुरती की कायमची? कायमची म्हटलं तर त्या बाईंना काय सांगायचं, हेही मीच लिहून द्यायचं आहे. अजून दिलेलं नाही.