दीड वाजता, ताटावर

मँचेस्टरला आमच्या भागातला दवाखाना सकाळी आठला उघडतो. हिवाळ्यात तेव्हा पुण्यात दीड वाजलेला असतो आणि कोथरूडच्या घरी आईने ताट वाढलेलं असतं. सुट्टीवर आल्यापासून आठ दिवस हेच चाललंय: पहिला घास घेण्याआधी मी फोनवर एनएचएसचं, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचं, अ‍ॅप उघडते. सीलिअ‍ॅक या आतड्याच्या आजारासाठी केलेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट अजून आलेला नाही.

दोन वर्षं माझं हिमोग्लोबिन नऊच्या वर जात नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर-बीट झालं. पोट फुगायचं, दुपारी गळून जायला व्हायचं, ते मी तिकडच्या अंधाऱ्या हिवाळ्यावर ढकललं होतं. निघायच्या दोन दिवस आधी तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. त्यांनी नीट समजावलं: गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक धान्य) यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे काहींचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं, मग खाल्लेलं लोह अंगी लागत नाही. असं उलटलेलं शरीर बनवतं त्या टीटीजी नावाच्या अँटीबॉडी वाढल्यात का, ते रक्तात कळतं. आणि निदान पक्कं होईपर्यंत, बायोप्सी, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं, लागली तर तीही होईपर्यंत, गहू सोडायचा नाही. सोडला तर अँटीबॉडी उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

हे आईच्या गळी उतरवणं फार जड गेलं. "ज्याने त्रास होतो तेच मी तुला हाताने वाढू?" म्हणाली. तरी वाढते. घडीची पोळी, वर तुपाचं बोट, आणि माझ्या ताटात ठेवताना क्षणभर हात तिथेच राहतो.

तिने तयारी मात्र सुरू केलीय. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा... आपल्या घरात गव्हावाचून कितीतरी होतं. मँचेस्टरच्या दुकानात ग्लुटेन-फ्री पावाचं वेगळं कपाट असतं, पाकिटावर गहू हा शब्द कायद्याने ठळक छापावा लागतो, त्या सोयीची मला खरंच किंमत आहे. पण भाकरीला कुठल्या वेगळ्या कपाटाची गरज नाही. गहू लपलेला सापडतो तो भलत्याच ठिकाणी. परवा आईने चष्मा कपाळावर सरकवून, हिंगाची डबी डोळ्यांजवळ धरून बारीक अक्षरं वाचली: हिंग, डिंक, गव्हाचं पीठ. डबी तशीच हातात धरून ती ओट्याशी उभी राहिली. आमच्याकडे रोजच्या वरणाला हिंग असतो. मग मेतकूट आठवलं, त्यातही ती गहू भाजून घालते. आणि गिरणी! गव्हावर ज्वारी दळली की जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ ज्वारीत उतरतंच. घरच्या घरी दळायची छोटी चक्की घ्यावी का, याची चौकशीही तिने करून ठेवलीय.

काल एक गोष्ट लक्षात आली. माझ्या ताटात पोळी होती, तिच्या ताटात भाकरी. चार दिवसांपासून तसंच आहे. "तुला सोडावी लागली तर मी कशाला खाऊ?" एवढंच म्हणाली.

मी शाळेत होते तेव्हापासून आईच्या उशाशी लोहाच्या गोळ्यांची पट्टी आहे. बायकांचं असतंच तसं, म्हणून घरात कुणी कधी पुढे विचारलं नाही. मीही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो. एकाला निघाला तर आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहातल्या एकाला असू शकतो. आठ दिवस मी माझ्याच रिपोर्टची वाट बघत होते.

आज मी डब्यातली पोळी काढून तिच्या ताटात ठेवली. "तुझंही रक्त तपासायचंय. तोवर तूही सोडायची नाहीस." तिने माझ्याकडे पाहिलं, भाकरी बाजूला केली आणि पोळीचा तुकडा मोडला. उद्या सकाळी दोघी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जातोय.

अ‍ॅपमध्ये अजून काही नाही.