गुडघा कटकट वाजतो तेव्हा: माझा अनुभव

मागच्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मी शिकवते तो वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला. पहिल्याच आठवड्यात जिना चढताना उजव्या गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज येत असल्याचे माझ्या लक्षात आले. दुखत काहीच नव्हते, पण एकदा कानाला लागलेला आवाज सुटत नाही, आणि पुढे पुढे मी पायऱ्यांऐवजी आवाजच मोजत वर जाऊ लागले. शाळेतल्या मैत्रिणींचे निदान एकच होते: ‘अगं, वंगण संपलं.’ आपल्याकडे गुडघा वाजला की हेच वाक्य येते. माझे वय 47 असल्यामुळे मलाही ते पटले.

मग जे सगळे करतात ते मीही केले. तेल चोळले, डिंकाचे लाडू खाल्ले, एका दुकानदाराने दिलेली ‘वंगण वाढवणारी’ पावडर दोन महिने घेतली. आवाज होता तसाच राहिला. एका डॉक्टरांनी गुडघ्याला हातही न लावता ‘झीज सुरू झाली आहे, जिने टाळा’ एवढे सांगितले. त्या एका वाक्याच्या धास्तीने मी सोलापुरातल्या संभाजी तलावाकडचे सकाळचे फिरणे बंद केले आणि जमिनीवर मांडी घालून बसणेही सोडले. चार महिन्यांत मांडीचे स्नायू सैल पडले आणि आवाज उलट वाढला. या गोष्टीचे मला आजही वाईट वाटते, कारण नुकसान आवाजाने नव्हे, भीतीने केले होते.

वेगळा विचार सुचवला तो आबांनी. माझे वडील अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते आणि माग बिघडला की तो दुरुस्त करण्यात त्यांची सारी हयात गेली. ते म्हणाले, ‘माग वाजतोच. आवाज बदलला की आम्ही आधी कापड बघायचो, धागा तुटतोय का, धोटा अडकतोय का. तुझा गुडघा कामात कुठं चुकतोय का, ते सांग.’ मला उत्तर देता आले नाही, कारण मी तसे पाहिलेच नव्हते.

नंतर ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे मी गेले, त्यांनीही जवळजवळ हेच विचारले. दुखते का, सूज येते का, गुडघा मध्येच अडकून सरळ होईनासा होतो का, चालताना एकदम दगा देतो का, आवाज एखाद्या दुखापतीनंतर सुरू झाला का? सगळ्यांचे उत्तर ‘नाही’ होते. मग त्यांनी माझा तळहात माझ्याच गुडघ्याच्या वाटीवर ठेवला आणि पाय हळूहळू वाकवायला लावला. तळहाताखाली बारीकशी खरखर लागत होती आणि एका ठरावीक कोनात एक टिचकी बसत होती. वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेतून वरखाली सरकते, तिला सांभाळणारे स्नायू अशक्त असले की ती थोडी कडेला घासते आणि जिन्यावर तिच्यावरचा दाब वाढतो, असे त्यांनी समजावले. काही वेळा एखादी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडाच्या उंचवट्यावरून निसटतानाही टिचकी वाजते, आणि बोटे मोडल्यावर येणारा आवाज त्याहून निराळा असतो.

बोटांवरून मला आजी आठवली. संक्रांतीच्या बोरन्हाणात ती नातवंडांवरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटे मोडायची आणि आवाज जितका मोठा तितकी दृष्ट कडक म्हणायची. त्या कडाक्यामागे वायू असतो. सांध्यातल्या द्रवात वायू विरघळलेला असतो. बोट ओढले की हाडांची टोके झटक्यात दूर होतात, आतला दाब घसरतो आणि द्रवात पोकळी तयार होते. लंडनमध्ये 1947 साली एक्स-रेच्या साहाय्याने हा अभ्यास झाला, 1971 मध्ये लीड्सच्या संशोधकांनी आवाज बुडबुडा फुटण्याचा असल्याचे मांडले, तर 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एकाच माणसाच्या बोटांच्या दहा सांध्यांची हलती एमआरआय चित्रे घेतली, तेव्हा आवाज पोकळी तयार होतानाच येतो आणि ती नंतरही टिकून राहते असे दिसले. म्हणूनच तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही. मी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर पाहिले: करंगळी मोडली, पंधरा मिनिटांनी ओढली तर गप्प, पंचवीस मिनिटांनी पुन्हा ‘कट्’. गुडघा मात्र प्रत्येक पायरीला वाजत होता, म्हणजे त्याचे कारण वायू नव्हे, हे मला त्याच दुपारी उमगले.

बोटे मोडल्याने संधिवात होतो, ही भीतीही आईने लहानपणापासून घातलेली होती. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी सुमारे साठ वर्षे रोज किमान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटे मोडली आणि दोन्ही हातांत संधिवात नसल्याचे 1998 मध्ये प्रसिद्ध केले. एका माणसाचा अनुभव पुरावा म्हणून अपुराच, पण आजीच्या बोटांना दोष देणे मी सोडले.

व्यायाम साधा होता. घरातल्या सोलापुरी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, असे दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून उचलायचा, आणि तीन आठवड्यांनी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचे. तिसऱ्या महिन्यात खरखर बरीच कमी झाली. टिचकी अजून येते, पण मी पुन्हा तलावाकडे जाते आणि मांडीही घालते.

मात्र प्रत्येक आवाज निरुपद्रवी असतो, असे मी कोणालाही सांगणार नाही. एका दीर्घकालीन अमेरिकी पाहणीवरून 2018 मध्ये छापलेल्या अभ्यासात, ज्यांचे गुडघे वारंवार वाजत होते त्यांना पुढे दुखरी झीज होण्याची शक्यता अधिक आढळली, आणि ज्यांना ती पुढे झाली त्यांतल्या बहुतेकांच्या एक्स-रेत झीज आधीच दिसत होती. हे वाचून मी आईच्या डाव्या गुडघ्यावर तळहात ठेवला. तिथली खरखर वाळू चुरडल्यासारखी होती. सकाळी उठल्यावर दहा मिनिटे तो आखडलेला असायचा, संध्याकाळी सुजायचा, आणि ती हे सगळे वयावर ढकलून गप्प होती. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत सांध्याची आतल्या बाजूची फट कमी झालेली दिसली. तिलाही व्यायाम, वजन कमी करणे आणि काठी असे सांगितले आहे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात धरायची असते. आई इतकी वर्षे ती डाव्याच हातात धरत आली आहे. अजूनही उठताना तिचा डावा हात पुढे जातो, आणि आबा पेपरातून मान वर न काढता म्हणतात, ‘हात बदल.’