दहावीच्या पोरांचा ताण मोजताना

एम. ए. मानसशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी मी विषय घेतला तो दहावीच्या मुलांवरचा अपेक्षांचा ताण. प्रश्नावली तयारच होती: रेबेका अँग आणि विवियन हुआन यांनी सिंगापूरच्या विद्यार्थ्यांवर बेतलेली, २००६ साली प्रसिद्ध झालेली. विधानं फक्त ९. त्यातली ५ आईवडील-शिक्षकांच्या अपेक्षांची, ४ मुलाच्या स्वतःकडूनच्या. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे बेरीज ९ ते ४५. परवानगी, मराठी रूप वगैरे घरबसल्या झालं. खरं काम कोल्हापुरातल्या शाळांत होतं.

मुख्याध्यापकांनी पत्र वाचून आधी विचारलं, "आमच्या शाळेचं नाव येणार काय?" नाही म्हटल्यावर चहा आला. मुलं अठराच्या आतली, त्यामुळं पालकांची लेखी संमती लागते, मुलाची वेगळी. शिरोली एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या वडिलांची सही लवकर हाती लागत नाही. काही फॉर्मांबरोबर निरोप यायचा, "पोराचं काय निघालं ते कळवा." कळवता येत नाही, कागदावर नावच नसतं. एक आई म्हणाली, "मग मॅडम, आम्हाला उपयोग काय ह्याचा?" रास्त होतं ते.

सगळ्यात अवघड काम म्हणजे सरांना वर्गाबाहेर काढणं. परीक्षेत कमी पडलो की शिक्षकांची निराशा केली असं वाटतं, अशा अर्थाचं विधान समोर, आणि वर्गशिक्षक मागं हात बांधून बाकांमधनं फिरताहेत! पोरं काय लिहिणार? ही अट परवानगीच्या पत्रातच घालावी. ऐनवेळी सांगितलं की सरांना राग येतो.

आकडे भरताना नुसत्या बेरजेवर भागवू नये. समजा दोघांची बेरीज ३० आली. एकाचे २२ आणि ८, दुसरीचे १२ आणि १८. पहिल्याला घरचं-शाळेचं ओझं. दुसरी स्वतःच स्वतःच्या मागं लागलेली. तिच्या आईवडिलांना "पोरीवर दबाव टाकू नका" म्हणून सांगितलं, तर ते चक्रावतीलच.

मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, हे निदान नव्हे. अमुक आकड्याच्या वर आजार, असं कुठं लिहायचं नाही. तरी कागद गोळा झाल्यावर एखादं पोर बोलायला मागं थांबतंच. म्हणून फळ्यावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आधीच लिहून ठेवत होते.

शाळांना फक्त सरासरी दिली. ती बघून एका स्टाफरूममधून लगेच विचारणा झाली, "शेजारच्या शाळेची किती आली हो?"