टोक नेहमी खालीच

कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीतली री-रोलिंग मिल, म्हणजे पोलाद तापवून रोलमधून लाटणारी गिरणी. 125 मिमी चौरस बिलेट (पोलादाचे लांब ठोकळे), ते मागून ढकलत पुढे नेणारी पुशर भट्टी, पुढे 450 मिमी व्यासाच्या तीन रोलचा, पहिली जाड लाटणी करणारा थ्री-हाय रफिंग स्टँड. तक्रार एकच: पहिल्या पासमधून, म्हणजे रोलमधल्या पहिल्या फेरीतून, निघताना बिलेटचं टोक खाली वळतं, माल पुढे नेणाऱ्या गाईडवर आपटतं आणि मिसरोल होतो, म्हणजे माल मध्येच अडकतो. मग गॅस कटरने तुकडे करून माल काढायचा, तोवर मागचं सगळं खोळंबलेलं.

सगळ्यांचा संशय रोलवर होता. वरचा रोल मोठा असला की त्याचा पृष्ठवेग जास्त आणि टोक खाली जातं, हे खरंच आहे. पण व्यास मोजले तर फरक अर्धा मिमीही नव्हता. या पासचं सिम्युलेशन (संगणकावरचं मॉडेल) मिलने आधीच करून घेतलं होतं. त्यातला रोलवरचा भार मोटरच्या अँपिअरशी बऱ्यापैकी जुळत होता, टोक मात्र सरळ निघत होतं. निघणारच! मॉडेल पाव छेदाचं होतं, म्हणजे बिलेटच्या छेदाचा चौथा भागच घेऊन बाकीचा तसाच धरलेला. वर-खाली सारखंच असं सममितीने आधीच ठरवून टाकल्यावर वाक येणार कुठून? भार काढायला असं मॉडेल उत्तम, वेळही वाचतो. वाकण्याबद्दल त्याला विचारूच नये.

धागा मिळाला तो बांद्याच्या फोरमनकडून. "टोक नेहमी खालीच जाता, वर कधीच नाय. आणि लाईट गेल्यार पुढचे धा-बारा नग सरळ जातत." पावसाळ्यात वीज गेली की मिल थांबते, पण जनरेटरवर ब्लोअर चालू असल्याने भट्टी पेटती राहते. म्हणजे आतल्या बिलेटना मुरायला जादा वेळ मिळतो.

या भट्टीत आच फक्त वरून, बिलेट भरीव तळावरून सरकत येतं. पायरोमीटरही (दुरून तापमान मोजणारं यंत्र) वरच्याच अंगावर रोखलेला, 1165 अंश दाखवणारा. बाहेर आलेलं बिलेट लगेच कुशीवर पाडून, स्केल (वर जमलेली ऑक्साइडची खपली) खरवडून खालचं अंग मोजलं: 1045. स्केल न काढता मोजलं तर आकडा आणखी कमी दिसतो, म्हणून ते खरवडणं टाळू नये.

मग उभ्या लांबछेदाचं द्विमितीय मॉडेल केलं, पूर्ण जाडीचं. ड्राफ्ट (एका पासमध्ये जाडीत होणारी घट) 25 मिमी, म्हणजे स्पर्शाची लांबी सुमारे 75 मिमी. सेकंदाला 2 मीटर वेगाने रोलशी स्पर्श जेमतेम 0.04 सेकंद. तेवढ्यात रोलचा गारवा अर्धा-एक मिमीच आत शिरतो, त्यामुळे कडेला मेश (मॉडेलची जाळी) त्याहून बारीक लागते, आत जाड चालते. विकृतीच्या (आकार बदलण्याच्या) कामातला 90 टक्क्यांहून जास्त भाग उष्णता म्हणून परत घातला. आधी दोन्ही रोलच्या व्यासात मोजलेला फरक दिला: वाक नगण्य. मग व्यास सारखे करून 120 अंशांचा फरक दिला: वरचं मऊ अंग जास्त लांबलं, टोक खाली वळलं, गाईडवर आपटण्याइतकं.

भट्टीचं गणित सोपं आहे. एकाच बाजूने तापवलं की उष्णतेला दुप्पट जाडी पार करावी लागते, आणि वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणून चौपट. 125 मिमीला फरक ओसरण्याचा कालांक (फरक सुमारे एक तृतीयांशावर यायला लागणारा वेळ) 17-18 मिनिटांचा. 120 चा 30 अंशांवर आणायला साधारण 25 मिनिटं हवीत.

पहिल्या पासला बिलेट कुशीवर घालायची सूचनाही आली. पण पुढच्या पासला ते 90 अंशांत फिरतंच, थंड अंग पुन्हा वर किंवा खाली येणार. नुसती आच वाढवली तर वरचं स्केल वाढतं, तळ तसाच राहतो. शेवटी पुशरचा वेग कमी केला. तासाचं उत्पादन घटलं यावर मालकांची कुरकुर होती. मिसरोलमध्ये जाणारा माल आणि वेळ शेजारी मांडल्यावर ती थांबली. 100 मिमीच्या बिलेटला तोच हिशेब 16 मिनिटांवर येतो, म्हणून आता पुशरचे दोन वेग ठरवून दिलेत आणि दर पाळीला एक बिलेट कुशीवर पाडून मोजलं जातं.