पहिली गाडी, आणि तीही वीस वर्षं जुनी?

लायसन्स हातात आल्यापासून माझ्या फोनमध्ये जुन्या स्पोर्ट सेडान गाड्यांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट साठलेत. सगळ्या एकाच धाटणीच्या: चार दारं, आटोपशीर आकार, मागच्या चाकांना ताकद, मॅन्युअल गिअर, आणि वयाने माझ्याहून थोड्याच लहान. बाबांच्या मते हे खूळ आहे. पहिली गाडी म्हणजे नवी, छोटी, वॉरंटीवाली हॅचबॅक, हे त्यांचं कधीच ठरलंय. दादा स्वतः गाड्यांमधला किडा, त्यामुळे त्याचा विरोध जरा वेगळा. "घे की! पण इंजिन कुठलं घेतेयस ते आधी सांग, मॉडेल नंतर बघू."

हे खूळ माझ्या डोक्यात भरवलं तेही दादानेच. त्याच्या मित्राकडे बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीजमधली, ई४६ पिढीतली ३२५आय आहे. ही पिढी १९९८ साली आली. मित्राने मोकळ्या रस्त्यावर किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसला. मी जिच्यावर शिकले त्या गाडीचं स्टिअरिंग बोटाने फिरायचं आणि पुढची चाकं काय करतायत याचा पत्ता लागायचा नाही. इथे स्टिअरिंग जड होतं, पण रस्ता खडबडीत झाला की हाताला कळत होतं, वळणात पकड किती उरलीय तेही कळत होतं. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्टिअरिंगचा हा गुण. नव्या गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रिक मोटर आली. तिने इंधन वाचतं, पार्किंग सोपं होतं, पण ती कुजबुज हरवली. बीएमडब्ल्यूच्याच ३ सिरीजमध्ये २०११च्या अखेरीस आलेल्या एफ३० पिढीपासून इलेक्ट्रिक स्टिअरिंग आलं. म्हणजे मला जे हवंय ते नव्यात शोधण्यात फारसा अर्थ नाही.

आणि ते इंजिन! एका ओळीत सहा सिलेंडर. या रचनेत पिस्टन जोडीजोडीने असे हलतात की एकाचा धक्का दुसरा मारून टाकतो. चार सिलेंडरवाल्या इंजिनात एक बारीक थरथर उरते आणि ती मारायला बरेचदा वेगळे बॅलन्स शाफ्ट बसवावे लागतात. इथे गरजच नाही. आरपीएमचा काटा वर जातो तसा आवाज चढतो आणि हादरा मात्र जाणवत नाही. एवढ्याशा फेरीत मी कामातून गेले.

"पहिलीच गाडी आणि एवढी वेगवान?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. मला तो फारसा पटत नाही. ३२५आयची ताकद १९२ अश्वशक्ती, शून्य ते शंभरला सात सेकंदांच्या थोडं वर. आज घराघरांत दिसणाऱ्या कित्येक साध्या इलेक्ट्रिक गाड्या याच्या बरोबरीने किंवा पुढे पळतात, तेही आवाज न करता. तिथे कुणी "स्पोर्ट" हा शब्द काढत नाही म्हणून कुणाला भीती वाटत नाही, एवढंच. ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांच्या ताकदीचा मुद्दा मात्र खरा आहे. वळणात घाईने अॅक्सिलरेटर दाबला तर मागची बाजू बाहेर निघू शकते, आणि नवशिक्याचे पाय अशा वेळी नेमकी चुकीची गोष्ट करतात. म्हणून इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नसलेली गाडी यादीतून सरळ बाद. गाडी घसरायला लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला ओळीत आणते. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून ती सक्तीची झाली, युरोपात २०१४च्या नोव्हेंबरपासून सगळ्या नव्या गाड्यांना. त्याआधीच्या गाड्यांत ती कधी असायची, कधी जादा पैसे मोजून घ्यावी लागायची. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांपैकी एकीत असते आणि दुसरीत नसते. डॅशबोर्डवर या यंत्रणेचं बटण आहे का, आणि किल्ली फिरवल्यावर तिचा दिवा आधी लागून मग विझतो का, हे बघायचं. काही महाभाग बिघाड लपवायला दिव्याचा बल्बच काढून ठेवतात.

खरी गोम पैशांत आहे, आणि ती उलटी आहे. गाडी जुनी झाली की तिची किंमत पडते, सुट्या भागांची किंमत पडत नाही. नवी असताना जी श्रीमंताची गाडी होती तिचा वॉटर पंप, सस्पेन्शनचे बुश, ब्रेकच्या डिस्क आजही श्रीमंताच्याच गाडीच्या भावात येतात. त्यामुळे "हॅचबॅकच्या पैशांत स्पोर्ट सेडान" हे वाक्य फक्त घेण्याच्या दिवसापुरतं खरं असतं.

त्यात माझ्यासारख्या लोकांना "कमी रनिंग" या शब्दांची भुरळ पडते. दादाने ती उतरवली. रबर आणि प्लास्टिक किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. वीस वर्षं सावलीत उभी राहिलेली गाडीसुद्धा आतून वाळलेली असते: होज कडक, बुशना चिरा, ऑइल सील आक्रसलेले. ई४६चंच घ्या. तिच्या कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) मार्गात एक्स्पान्शन टँक, रेडिएटरची तोंडं, थर्मोस्टॅटचं घर असं बरंच काही प्लास्टिकचं आहे. उष्णता आणि दाबाने ते ठिसूळ होतं आणि एक दिवस तडकतं. बाकीचं इंजिन कितीही दणकट असो, हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, अॅल्युमिनियमचं आहे. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावर "घर जवळच आहे, पोचू" म्हणून दामटलं तर हेड वाकतं आणि गाडीच्या किमतीएवढं काम निघतं. म्हणून जाणते मालक हा सगळा संच तडकायची वाट न बघता ठरावीक काळाने बदलून टाकतात. त्याची पावती फाइलमध्ये असेल तर मी त्या गाडीला मीटरवरचे बरेच किलोमीटर माफ करायला तयार आहे.

या सगळ्या हिशेबात माझा मुख्य प्रश्न मात्र निसटत होता. तो सुटला एका ओळखीच्या मुलीमुळे. तिची जुनी टर्बो सेडान (नाव घेत नाही) इंधनाच्या एका पंपासाठी गॅरेजमध्ये अडकली. बिघाड मोठा नव्हता, पण भाग बाहेरून मागवायचा होता. तेवढे दिवस ती कामावर जायला रोज कुणाच्या तरी हातापाया पडत होती. वैतागून तिने गाडी विकली, तीही पंप नवा बसवल्यावर, म्हणजे गाडी खऱ्या अर्थाने चांगली झाली तेव्हा!

तेव्हा माझ्या लक्षात आलं की अडचण "पहिली" गाडी ही नाहीच, "एकुलती एक" गाडी ही आहे. जुनी स्पोर्ट सेडान वाईट नसते, ती अधूनमधून रजेवर जाते. तिच्यावर रोजची हजेरी अवलंबून असली की माणूस घाईत निर्णय घेतो: मिळेल तो स्वस्त भाग टाकतो, गळती "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून ढकलतो, आणि गाडी त्याचा सूड उगवते. सवड असेल तर तोच बिघाड नुसता एक शनिवार खातो. मी ऑफिसला बसने जाते आणि जात राहणार आहे. म्हणजे गाडी उभी राहिली तरी माझं काही अडत नाही. हे मी बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग तुला गाडीची गरजच नाहीये." याला उत्तर नव्हतं. ज्याला गाडीची गरज आहे त्याने ही घेऊ नये आणि ज्याने घ्यावी त्याला गरज नाही, असा हा सगळा मामला आहे.

असो. गरज नसली तरी यादी आहे.

टर्बोवाल्या गाड्या मी काढून टाकल्या. ई४६नंतरच्या ई९० पिढीतली ३३५आय कागदावर स्वप्नवत आहे, ३०६ अश्वशक्ती, पण तिच्या एन५४ इंजिनाच्या हाय प्रेशर फ्युएल पंपाने इतका त्रास दिला की २०१० साली कंपनीला अमेरिकेत गाड्या परत बोलवाव्या लागल्या. शिवाय त्यात डायरेक्ट इंजेक्शन. इंधन थेट सिलेंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे हवा आत सोडणारे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळीचे थर चढतात. ते काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात! ऐकायला मजा वाटते, बिल बघायला नाही. ई९०मध्ये आणखी एक गंमत म्हणजे बॅटरी बदलली की गाडीच्या संगणकाला तसं कळवावं लागतं, नाहीतर तो नव्या बॅटरीला जुनीच समजून चार्ज करत राहतो.

दादाचा हट्ट जपानीचा. टोयोटाच्याच लेक्सस ब्रँडची पहिली आयएस, जी जपानात टोयोटा अल्टेझा नावाने १९९८ साली आली. आयएस३००मध्ये तीन लिटरचं, एका ओळीत सहा सिलेंडरवालं २जेझेड-जीई इंजिन आहे; टोयोटाच्या सुप्रा या स्पोर्ट्स कारमधल्या गाजलेल्या टर्बो इंजिनाचं बिनटर्बो भावंडच. मीटर मनगटी घड्याळासारखे, एका मोठ्या गोलात तीन छोटे गोल. मला ते फार आवडतात, दादाला थिल्लर वाटतात. टिकण्याच्या बाबतीत तो म्हणतो ते खरं असावं. पण नेमक्या याच गुणामुळे ती तरुण पोरांच्या तावडीत सापडलीय. खाली दाबलेलं सस्पेन्शन, डब्याएवढा सायलेन्सर, कापलेल्या वायरी. जशी कंपनीतून निघाली तशी राहिलेली आयएस मिळणं दुर्मीळ, आणि मला दुसऱ्याने केलेले प्रयोग निस्तरायचे नाहीत.

तिसरी होंडाची: काही देशांत अकॉर्ड युरो, अमेरिकेत २००४च्या मॉडेलपासून अॅक्युरा (होंडाचाच ब्रँड) टीएसएक्स. ताकद पुढच्या चाकांना, सिलेंडर चार, म्हणजे माझ्या दोन्ही अटींत नापास. पण २.४ लिटरचं के२४ इंजिन, टायमिंग बेल्टऐवजी चेन, सहा गिअर, आणि गिअर लिव्हर टाकताना मिळणारी ती खटकन बसण्याची भावना! डोकं हिच्याकडे बोट दाखवतं. मी डोक्याला सध्या थांबायला सांगितलंय.

बघायला जाताना काय करायचं याचे धडे दादाकडून चालू आहेत. विकणाऱ्याला आधीच बजावायचं की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन खरं बोलतं. सुरू होतानाचा खडखडाट आणि निळा धूर पहिल्या मिनिटातच कळतो. स्टिअरिंगचं कातडं आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल आणि मीटर कमी दाखवत असेल तर मीटर खोटं. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणारं यंत्र) लावून नुसते एरर कोड बघून थांबायचं नाही, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या संगणकाने स्वतःच घेतलेल्या चाचण्या, पूर्ण आहेत का तेही बघायचं. अपूर्ण असतील तर बहुधा कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती, आणि दोन्हीचं कारण विचारायचं. ऑटोमॅटिक गाडी असेल आणि मालक म्हणाला "गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम असतं", तर हसू दाबायचं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदला म्हणते.

माझी सर्वात आवडती खूण टायरची आहे. चारही टायर एकाच चांगल्या कंपनीचे असतील तर मालकाने दिसत नाहीत अशा जागीही पैसे घातले असतील, असं मी धरून चालते. चार चाकांना चार कंपन्या असतील तर ब्रेक ऑइलबद्दल विचारायचीही गरज नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर भरवशाचं नसतं.

एका बाबतीत मात्र गंमत नाही. तकाता कंपनीच्या बऱ्याच एअरबॅगमध्ये बॅग फुगवायला अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. उष्णता आणि दमटपणात वर्षानुवर्षं राहून ते बिघडतं आणि बॅग उघडताना धातूचा डबा फुटून तुकडे चालकाच्या अंगावर येतात. २०२३मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेत २००० ते २००६ या काळातल्या काही गाड्यांच्या मालकांना एअरबॅग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका असं सांगितलं. त्यांत ई४६ होती. होंडाच्या काही जुन्या मॉडेलांनाही असेच इशारे आलेत. चॅसी नंबरवरून एअरबॅग बदललीय का हे तपासता येतं आणि बदलण्याचे पैसे पडत नाहीत. त्यामुळे माझा पहिला मेसेज आता किंमतीबद्दल नसतो, चॅसी नंबर मागणारा असतो. "आधी येऊन बघा तर खरं" असं उत्तर आलं की तो स्क्रीनशॉट डिलीट.

बाबांशी तडजोड अशी झालीय: विम्याचा आकडा आधी काढायचा, कारण नवा चालक आणि सहा सिलेंडर हे दोन शब्द एकत्र आले की तो फुगतो, आणि बजेटचा तिसरा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामासाठी वेगळ्या खात्यात ठेवायचा, त्याला गाडी घेताना हात लावायचा नाही. त्यामुळे मोठ्या इंजिनाची ३३०आय परवडेनाशी झाली, ३२५आय अजून जमतेय. एका मालकाने चॅसी नंबर पाठवलाय, एअरबॅग बदललेली निघाली, कूलंटच्या कामाची पावती आहे. रंग भयंकर आहे. दादा रविवारी स्कॅनर घेऊन येतोय, आणि बाबा म्हणतात मीही येतो, नुसता बघायला.